एक कोन ४०°, त्रिकोण दोन

सातवीच्या वर्गचाचणीत एक प्रश्न आला होता. समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४०° आहे, उरलेले दोन कोन काढा आणि त्रिकोणाचा प्रकार लिहा. प्रश्नासोबत आकृती नव्हती. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने उत्तर लिहिले: ४०°, १००°, विशालकोन त्रिकोण. त्यावर लाल फुली आली, शेजारी ‘७०°, ७०°, लघुकोन’ असे लिहून आले आणि दोन्ही गुण गेले.

मुलगी फोंडा तालुक्यातली. चौथीपर्यंत गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकली आणि गोव्यात सर्रास होते तसे पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेली. वडील सुतारकाम करतात. जुन्या घरांची कौले उतरवून वासे-रिपा बदलायची कामे पावसाआधी त्यांच्याकडे रांगेने येतात. हे मुद्दाम सांगते आहे, कारण त्या १००° च्या उत्तराचा उगम तिथे निघाला.

घरच्यांना साहजिकच गुणांची काळजी होती. आईने फोनवर विचारले, “टीचर, चुकलं कुठे ते तरी सांगा. वजाबाकी तर बरोबर दिसते.” वजाबाकी बरोबरच होती. ४० आणि ४० मिळून ८०, १८० मधून ८० गेले, उरले १००. तिचे उत्तर चुकीचे नव्हते. लाल शाईतले उत्तरही चुकीचे नव्हते. दिलेल्या माहितीत दोन वेगळे त्रिकोण बसत होते. पण एवढेच सांगून मी थांबले असते तर मुलीला न्याय मिळाल्यासारखे वाटले असते आणि मूळ दुखणे तसेच राहिले असते. कारण त्याच उत्तरपत्रिकेत आणखी दोन उत्तरे होती, आणि ती खरोखर चुकली होती.

ती दोन उत्तरे

एका प्रश्नात आकृती दिली होती, त्यात ३५° आणि ५५° असे दोन कोन लिहिले होते. मुलीने तिसरा कोन व्यवस्थित मांडणी करून ९०° काढला होता. खालच्या ओळीत प्रकार लिहिला होता: लघुकोन त्रिकोण. दुसऱ्या आकृतीत ६१° आणि ५८° होते. तिसरा कोन तिने ६१° काढला, बरोबर. प्रकार लिहिला: समभुज.

असे उत्तर पाहिले की आपण शिक्षक लगेच म्हणतो, व्याख्या पाठ नाहीत. आणि व्याख्या पुन्हा दहा वेळा लिहायला देतो. इथे ते औषध लागू पडले नसते. मी विचारले तेव्हा तिने सगळ्या व्याख्या न अडखळता सांगितल्या. तिन्ही कोन ९०° पेक्षा लहान तर लघुकोन, एक कोन ९०° तर काटकोन, एक कोन ९०° पेक्षा मोठा तर विशालकोन. तिन्ही बाजू सारख्या तर समभुज, दोन सारख्या तर समद्विभुज, एकही सारखी नसेल तर विषमभुज.

“मग हा तिसरा कोन किती काढलास?”

“नव्वद.”

“आणि त्रिकोण कुठला लिहिलास?”

तिने आकृतीवर बोट ठेवले. “टीचर, हा नव्वदसारखा दिसत नाही ना.”

खरेच दिसत नव्हता. छापलेल्या आकृतीत तो कोपरा ८०° च्या आसपास असेल. दुसऱ्या प्रश्नातला त्रिकोण दिसायला थेट समभुज होता, कारण ६१, ५८, ६१ आणि ६०, ६०, ६० यांतला फरक एवढ्याशा आकृतीत डोळ्यांना कळतच नाही. प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्या मापात काढलेल्या नसतात, हे तिला कोणी कधी स्पष्ट सांगितले नसावे. निदान तिच्यापर्यंत ते पोचले नव्हते.

म्हणजे ती प्रत्येक उदाहरणात दोन सुटी कामे करत होती. आधी आकडे घेऊन कोन काढायचा. मग आकडे बाजूला ठेवून आकृतीकडे नव्याने बघायचे आणि जे दिसेल त्याला नाव द्यायचे. नुकताच स्वतःच्या हाताने काढलेला ९०° दुसऱ्या कामात वापरायचा असतो, हा दुवाच नव्हता. गणिताच्या वह्या तपासताना ही गोष्ट सहज निसटते. कोनाचे उत्तर बरोबर आले की आपण पुढे जातो आणि प्रकाराची चूक ‘लक्ष नाही’ या खात्यात टाकतो.

आता ४०° च्या प्रश्नाकडे येऊ. तिथे तर आकृती नव्हती. मग तिने काय पाहिले? मी विचारले, “बाय, हे सोडवताना डोळ्यांसमोर कुठला त्रिकोण आणलास?”

“छपराचा,” ती म्हणाली, आणि वहीच्या मागच्या पानावर काढूनही दाखवला. खाली आडवी तुळई, दोन्ही बाजूंनी चढत गेलेले वासे, वर आढे, म्हणजे माथ्यावरचा आडवा वासा. दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, सारखी, म्हणून भिंतीकडचे दोन्ही कोन सारखे. दिलेला ४०° तिने न विचारता खाली ठेवला होता, कारण छपराचा उतार खालीच मोजतात.

इथे प्रकरणाचा सांधा जुळला. दोन प्रश्नांत तिने छापलेल्या आकृतीचे रूप खरे मानले होते, तिसऱ्यात मनातल्या आकृतीचे. सवय एकच. पहिल्या दोन ठिकाणी त्या सवयीने चुकीचे उत्तर दिले, तिसऱ्या ठिकाणी अर्धे बरोबर. शाळेने नेमके त्या अर्ध्या बरोबर उत्तराला चूक म्हटले, त्यामुळे मुलीची समजूत अशी झाली की आपल्याला वजाबाकीच येत नाही. निदान चुकले की मूल चुकीच्या जागी मेहनत करत बसते, आणि ही मुलगी तेच करत होती. घरी बसून ती पुन्हापुन्हा १८० मधून आकडे वजा करण्याची उदाहरणे सोडवत होती.

पुठ्ठ्याचे त्रिकोण

तोंडी समजावण्याऐवजी मी तिला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, पट्टी आणि कोनमापक दिला. पहिला त्रिकोण तिचाच: १० सेंमीचा पाया, दोन्ही टोकांना ४०°. रेषा वर मिळाल्या तिथे कोन मोजला, १०० आला. बाजू साडेसहा सेंमीच्या आसपास आल्या. दुसरा त्रिकोण: एका बिंदूपाशी ४०° चा कोन, त्याच्या दोन्ही भुजांवर १०-१० सेंमी मोजून खुणा, आणि त्या खुणा जोडून पाया. पाया भरला सुमारे ६.८ सेंमी. पायाकडचे कोन मोजायला सांगितले.

“एकशे दहा,” ती म्हणाली.

कोनमापकावर आतला आणि बाहेरचा असे आकड्यांच्या दोन कमानी असतात आणि ७० च्या जागी ११० वाचला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. ते मी सांगितले नाही. तिला वहीचा कोपरा त्या कोनावर ठेवून बघायला लावला. वहीचा कोपरा काटकोन असतो, पुठ्ठ्याचा कोन त्याच्या आत राहिला. म्हणजे ९० पेक्षा लहान. तिने कोनमापक पुन्हा ठेवला आणि आता शून्य कुठून सुरू होते ते पाहून ७० वाचले. मोजलेला कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा हे आधी ठरवायचे आणि मग आकडा वाचायचा, हा क्रम मी सगळ्याच मुलांना लावते. त्याने कोनमापकाच्या बहुतेक चुका आपोआप सुटतात.

दोन्ही पुठ्ठे टेबलावर शेजारी ठेवले. एक बुटका आणि पसरट, एक उंच आणि निमुळता. दोन्ही समद्विभुज. दोन्हींत एक कोन ४०°. एक विशालकोन, एक लघुकोन. प्रश्नात जे जे सांगितले होते ते दोघांनाही लागू होते. ती बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “मग कुठला खरा?” या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. दोन्ही खरे. ४०° कोन सारख्या बाजूंच्या मधला आहे की पायाकडचा, हे प्रश्नाने सांगितलेच नाही. ते जोवर कळत नाही तोवर दोन्ही उत्तरे लिहिणे हेच पूर्ण उत्तर.

मग मी तिच्यावर एक काम सोपवले. ४० च्या जागी दुसरे आकडे घे आणि शोध, दोन त्रिकोण केव्हा मिळतात आणि एकच केव्हा. हा प्रश्न सातवीच्या कुठल्याही मुलाला द्यावा असा आहे. त्याला वजाबाकी आणि भागाकार सोडून काही लागत नाही आणि तरी तो मुलाला पूर्ण गुंतवून ठेवतो. तिने २० घेतले: २०, ८०, ८० किंवा २०, २०, १४०. मग ८० घेतले: ८०, ५०, ५० किंवा ८०, ८०, २०. १०० घेतले तेव्हा १००, ४०, ४० आले, पण दुसरा त्रिकोण जमेना, कारण १०० आणि १०० मिळून २०० होतात आणि त्रिकोणात तेवढी जागाच नाही. ९० घेतले तर ९०, ४५, ४५ मिळतो, आणि दोन ९० घेतले की तिसऱ्या कोनाला शून्य उरते. म्हणजे ९० पासून पुढे एकच उत्तर.

४५ वर ती अडली. पायाकडचे कोन ४५ घेतले की वरचा ९०, म्हणजे काटकोन समद्विभुज त्रिकोण, ते सोपे गेले. वरचा कोन ४५ घेतला तर खाली १३५ उरतात, त्यांचे दोन भाग करायचे. तिने पेन खाली ठेवले. “टीचर, हे भागत नाही.” ६७.५ असा कोन असू शकतो हे तिच्या मनाला पटत नव्हते, कारण पुस्तकात कोन नेहमी पूर्ण अंशांत येतात. कोनमापकावर ६७ आणि ६८ यांच्या मधली जागा दाखवली तेव्हा तिने ते लिहिले. लहान अडथळा, पण असा अडथळा आला की मुले बरोबर वाट सोडून परत फिरतात, म्हणून त्याच्यापाशी थांबावे लागते.

सर्वांत सुंदर आकडा ६० निघाला. ६० पायाकडे ठेवा, वर ६० येतो. ६० वर ठेवा, खाली ६० आणि ६० येतात. दोन्ही वाटा एकाच त्रिकोणावर येऊन मिळतात. शेवटी तिने स्वतःच्या शब्दांत लिहिले: नव्वदपेक्षा लहान असेल तर दोन, साठ सोडून, नव्वद किंवा मोठा असेल तर एकच. मी त्यात एक अक्षर बदलले नाही.

या ६० वरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. समभुज त्रिकोणाला समद्विभुज म्हणायचे की नाही, यावर शिक्षकांत नेहमी चर्चा होते. युक्लिडने इसवी सनाच्या आधी सुमारे ३०० वर्षे व्याख्या केली तेव्हा समद्विभुज म्हणजे ज्याच्या फक्त दोनच बाजू सारख्या, असे म्हटले होते. आज गणितात ‘निदान दोन बाजू सारख्या’ हा अर्थ घेतात आणि त्यात समभुजही येतो. मला आजची व्याख्या अधिक उपयोगाची वाटते, कारण समद्विभुजाबद्दल जे सिद्ध होते ते समभुजाला आपोआप लागू पडते, वेगळे सिद्ध करावे लागत नाही. या मुलीच्या तक्त्यातही ६० ही ओळ तुटलेली नव्हती, बाकीच्या ओळींच्या मधोमध नीट बसत होती. वर्गात मात्र एक व्याख्या ठरवून घ्यावी आणि प्रश्न त्याच व्याख्येने तपासावेत.

छपरात काय काय असते

मुलीच्या मनात छपराचा त्रिकोण घट्ट बसला होता. तो काढून टाकायचे कारण नव्हते, त्याच्यातच पुष्कळ गणित होते. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कौलांवर पाणी थांबून चालत नाही, म्हणून पाख्यांना चांगला उतार ठेवतात. उतार किती, हे सुतार अंशांत मोजत नाहीत. भिंतीपासून भिंतीपर्यंतचे अंतर आणि मधली उंची यांच्या हिशोबाने मोजतात. अर्ध्या अंतराइतकीच उंची दिली तर उतार ४५° होतो. उंची त्याहून कमी ठेवली की उतार कमी आणि वरचा कोन विशालकोन. ३०° उतार असेल तर वर १२०° मिळतो. पाखी जेवढी उभी, तेवढा आढ्याचा कोन लहान.

वडील एकदा तिला न्यायला आले होते तेव्हा मी विचारले, दोन्ही बाजूंचा उतार सारखा येतो हे तुम्ही कसे बघता? ते म्हणाले, “बघायचं काय त्यात, टीचर? एक वासा कापला की त्याच्यावर दुसरा ठेवून खूण करतो. वासे सारखे असले की उतार सारखाच पडतो.” समद्विभुज त्रिकोणाच्या सारख्या बाजूंसमोरचे कोन सारखे असतात, हे प्रमेय मी त्यानंतर फळ्यावर लिहिले. मुलगी वडिलांकडे बघत होती. एक वासा दुसऱ्यावर ठेवून खूण करणे आणि एक त्रिकोण दुसऱ्यावर तंतोतंत बसवणे, यांत फार अंतर नाही. आढ्यापासून तुळईपर्यंत मधला उभा दांडा टाकला की दोन काटकोन त्रिकोण होतात, आणि वासे सारखे असतील तर ते दोन्ही एकरूप असतात. ४०° च्या छपरात प्रत्येक अर्ध्या त्रिकोणात ४०, ९० आणि म्हणून ५०. वर दोन ५० मिळून १००. तिचेच उत्तर दुसऱ्या वाटेने आले, आणि हा ताळा तिने स्वतः लावला.

पडवीचे एकपाखी छप्पर काढायला सांगितले तर काटकोन त्रिकोण आला: भिंत उभी, तुळई आडवी, वासा तिरका. एक बाजू लांबवून ओसरीवर आणलेले छप्पर विषमभुज निघाले. चौथ्यासाठी तिने विचारले, समभुज छप्पर असते का? तिन्ही कोन ६० म्हणजे उतार ६०°. असे छप्पर फार उभे होईल, कौले त्यावर नुसती ठेवून राहणार नाहीत, असे वडिलांनी सांगितले.

आता १८० कुठून येतात? वर्गात आपण कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर जोडून दाखवतो. मुलांना ते आवडते आणि दाखवावेच. पण फाडलेले कोपरे त्या एका त्रिकोणापुरते आणि पेन्सिलीच्या जाडीइतक्या फरकाने बोलतात. या मुलीला कारण हवे होते. तिने विचारले होते, “दोन्ही पुठ्ठे एवढे वेगळे, मग बेरीज सारखी कशी?” छपराच्याच आकृतीत मी आढ्यातून एक आडवी रेषा काढायला सांगितली, तुळईला समांतर. जणू आढ्यावर एक सपाट फळी ठेवली आहे. आता एका पाख्याच्या आणि फळीच्या मधला कोन आणि त्याच पाख्याचा खाली तुळईशी होणारा कोन हे व्युत्क्रम कोन. रेषा समांतर, म्हणून ते सारखे. दुसऱ्या बाजूलाही तसेच. म्हणजे फळीखाली ओळीने तीन कोन बसले: डावा ४०, मधला १००, उजवा ४०. फळी सरळ आहे, सरळ रेषेवरचे कोन मिळून १८०. मग तिने उतार बदलला, विषमभुज छप्पर काढले, आकडे सगळे बदलले, पण फळी सरळच राहिली. हाच युक्तिवाद युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातल्या ३२ व्या विधानाच्या गाभ्याशी आहे. तिथे समांतर रेषा पायाच्या कोपऱ्यातून काढलेली आहे आणि त्यामुळे बाह्यकोनाचा, म्हणजे एक बाजू पुढे वाढवली की बाहेर होणाऱ्या कोनाचा, नियमही त्याच दमात मिळतो: बाह्यकोन हा दूरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेइतका.

समांतर रेषांचे कोन सातवीच्या मुलांना येत असतात. ते येत असताना १८० नुसते पाठ करायला लावणे मला पटत नाही. ज्या मुलाला कारण माहीत आहे ते मूल आकृतीच्या दिसण्याला फसत नाही, कारण त्याला धरायला दुसरे काहीतरी मिळालेले असते.

नाव दोन प्रश्नांनी ठरते

प्रकार लिहिताना ती एकच नाव लिहीत असे. समद्विभुज असेल तर विशालकोन कसा, असे तिला वाटे. पुस्तकात सहा प्रकार एकाखाली एक दिलेले असतात, त्यामुळे मुलांना ते सहा वेगळे कप्पे वाटतात आणि त्रिकोण त्यातल्या एकाच कप्प्यात जातो असा समज होतो. खरे तर प्रत्येक त्रिकोणाला दोन प्रश्न विचारायचे असतात, बाजू किती सारख्या आणि मोठ्यात मोठा कोन केवढा. दुसऱ्या प्रश्नाला मोठ्यात मोठा कोनच पुरतो. तो ९० पेक्षा लहान असेल तर बाकीचे लहानच असणार, आणि ९० किंवा त्याहून मोठा कोन एका त्रिकोणात दोनदा येऊ शकत नाही.

तीन आणि तीन जोडले तर नऊ जोड्या व्हायला हव्यात. त्यांपैकी कुठल्या खरोखर असतात ते तिने शोधले. समभुज त्रिकोण काटकोन होत नाही, विशालकोनही होत नाही, कारण त्याचे कोन ६० वरून हलतच नाहीत. उरल्या सात. समभुज लघुकोन, मग समद्विभुजाचे तीन, विषमभुजाचे तीन. (इथे समभुज वेगळा मोजला आहे, समद्विभुजात धरलेला नाही.) सातही तिने काढले आणि प्रत्येकाखाली कोन लिहिले. विषमभुज काटकोनासाठी तिने ३०, ६०, ९० घेतले, विषमभुज विशालकोनासाठी २०, ५०, ११०.

बाजूच दिल्या आणि कोन दिले नाहीत तर? हे तिच्या अभ्यासक्रमाच्या थोडे पुढचे, म्हणून घाईने दाखवले. पाया खणताना गवंडी दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा करून कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही बघतात, हे तिला ऐकून माहीत होते. ९ अधिक १६ बरोबर २५, म्हणून काटकोन. मोठ्या बाजूचा वर्ग बाकीच्या दोन वर्गांच्या बेरजेपेक्षा कमी भरला तर लघुकोन, जास्त भरला तर विशालकोन. ४, ५, ६ बाजूंच्या त्रिकोणात १६ अधिक २५ म्हणजे ४१, आणि ३६ त्याहून कमी, म्हणून लघुकोन. ३, ४, ६ मध्ये २५ विरुद्ध ३६, म्हणून विशालकोन. त्रिकोण काढायचीही गरज पडत नाही.

शाळेत

आईचा विचार शाळेत जाऊन बोलायचा होता. मी म्हटले, मुलीलाच जाऊ द्या, पुठ्ठे घेऊन. पालक गेले की विषय गुणांचा होतो. मुलगी गेली तर विषय त्रिकोणाचा राहतो. ती गेली. तिथल्या टीचरनी दोन्ही पुठ्ठे हातात घेऊन पाहिले आणि दोन्ही उत्तरे मान्य केली. नंतर आमचे बोलणे झाले तेव्हा कारणही कळले. प्रश्न मुळात आकृतीसह होता. आकृतीत दोन तिरक्या बाजूंवर छोट्या आडव्या रेघा होत्या, म्हणजे त्या सारख्या, आणि ४०° वरच्या कोपऱ्यात लिहिलेला होता. चाचणी टाइप करताना आकृती गळली, वाक्य राहिले. उत्तरसूची जुनीच.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आकृतीत दोन तऱ्हेची माहिती असते. एक खुणांची: सारख्या बाजूंवरच्या रेघा, सारख्या कोनांमधल्या कमानी, काटकोनाचा चौकोन, लिहिलेले अंश, समांतर रेषांवरचे बाण. ती माहिती खरी, तिच्यावरच उत्तर उभे करायचे. दुसरी दिसण्याची: कोपरा केवढा वाटतो, बाजू लांब की आखूड वाटते, त्रिकोण उभा की आडवा. तिच्यावर काहीही उभे करायचे नाही. आकृती गळली तेव्हा खुणांची माहितीही गळली, आणि तपासणाऱ्याच्या मनात मात्र उंच त्रिकोण तसाच राहिला, जसा मुलीच्या मनात छपराचा राहिला होता. प्रश्न काढणाऱ्यांनी समद्विभुज त्रिकोणाच्या प्रश्नात आकृती नसेल तर ‘पायाकडचा कोन’ किंवा ‘सारख्या बाजूंमधला कोन’ असे लिहावे. किंवा मुद्दाम लिहू नये आणि ‘सर्व शक्यता लिहा’ असे म्हणावे. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो.

त्यानंतर आम्ही एक नियम पाळायला सुरुवात केली. कोणतेही उदाहरण सोडवण्याआधी ती आकृतीतल्या खुणा शब्दांत लिहून काढते: अ ब आणि अ क सारख्या, कोन अ ४०°. मग आकृती हाताने झाकते आणि लिहिलेल्या ओळींवरून सोडवते. प्रकार ठरवताना फक्त काढलेल्या कोनांकडे बघते. सुरुवातीला तिला हे लांबण वाटले. ३५ आणि ५५ चे जुने उदाहरण याच रीतीने पुन्हा सोडवले तेव्हा काटकोन विषमभुज असे दोन शब्द स्वतःहून आले. ६१, ५८, ६१ ला समद्विभुज लघुकोन. अक्षरांची उदाहरणे, म्हणजे कोन क्ष, २क्ष आणि ३क्ष असे दिलेले, तिला याआधीही जड नव्हती. ६क्ष बरोबर १८०, क्ष ३०, कोन ३०, ६०, ९०. आता त्याच्यापुढे प्रकारही बरोबर येऊ लागला.

बाह्यकोनाच्या उदाहरणात ती अजून लांबच्या वाटेने जाते. बाह्यकोन ११०° आणि दूरचा एक कोन ४५° दिला तर ११० मधून ४५ वजा करून ६५ मिळतात. ती आधी शेजारचा कोन ७० काढते, मग १८० मधून ७० आणि ४५ वजा करते. उत्तर तेच येते आणि प्रत्येक पायरी तिला सांगता येते, म्हणून मी ती वाट मोडली नाही. आडवाट आपोआप सापडेल.

रीत बसली की नाही ते बघायला मी तिला नवा प्रश्न दिला: समद्विभुज त्रिकोणाचा एक बाह्यकोन १००° आहे. तिने आतला कोन ८० काढला आणि लगेच दोन ओळी लिहिल्या, ८०, ८०, २० आणि ८०, ५०, ५०. दोन्हींपुढे लघुकोन समद्विभुज. मग बाह्यकोन ८०° दिला. आतला १००, आणि एकच ओळ: १००, ४०, ४०, विशालकोन समद्विभुज. “इथे दुसरा का नाही?” मी विचारले. “शंभर दोनदा बसत नाही, टीचर.”

एक काम बाकी आहे. पाया तिरका ठेवून काटकोन त्रिकोण काढला आणि त्यावर अंश लिहिले नाहीत, नुसती काटकोनाची छोटी चौकोनी खूण केली, तर ती अजूनही ती खूण लिहून काढायला विसरते आणि कोन माहीत नाही असे म्हणते. खूण डोळ्यांसमोर असते, पण पाया आडवा नसेल तर ती तिच्यापर्यंत पोचत नाही. चतुर्थीच्या सुट्टीनंतर तिला वडिलांचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे सुतारी हत्यार, आणायला सांगितला आहे. तो वेगवेगळ्या तिरप्या दिशांनी कागदावर ठेवून, प्रत्येक वेळी त्याच्या कडेने त्रिकोण काढून कोन लिहायचे, असा बेत आहे.